उन्हाळ्यातली, बायकांची, घरची आणि मैत्रीची आनंदी कथा गुळमट न होता कशी लिहावी?

तुम्ही लिहिलंय की मे महिन्यात एका घरात जमलेल्या बायकांची दीर्घकथा तुम्ही लिहिताय. वाचून बरं वाटावं अशी ती हवी आहे, पण तीन खर्डे झाले तरी गुळमटच होते. तुम्ही दिलेल्या गोषवाऱ्यावरून माझं मत असं: तुमच्या बायकांच्या हाताला काम नाही. झोपाळ्यावर बसून त्या एकमेकींशी चांगलं वागताहेत, एवढंच घडतंय. त्यांना असं काम द्या, जे एकटीनं उरकत नाही, मध्येच सोडता येत नाही आणि ऊन-पावसाच्या तावडीत असतं.

घर देशावरचं, खानदेशातलं किंवा वऱ्हाडातलं असेल तर कुरडया घ्या. कोकणातलं असेल तर आमसुलं किंवा फणसाची साटं. मी कुरडयांवरच सांगतो, कारण त्यांचं वेळापत्रक म्हणजे जवळजवळ कथेचा आराखडाच आहे.

गहू तीन दिवस भिजतो आणि रोज पाणी बदलावं लागतं. एक दिवस पाणी बदलायचं राहिलं की आंबूस वास सुटतो आणि तो शेवटपर्यंत जात नाही. इथेच तुमचं पहिलं बीज पेरा: पाणी बदलायची पाळी कोणाची होती आणि ती का विसरली? त्या दिवशी तिला कोणाचा तरी फोन आला होता, एवढंच सांगा आणि पुढे जा. भिजवणीच्या या तीन दिवसांना मिळून दोन-तीन पानांपेक्षा जास्त जागा देऊ नका.

चौथ्या दिवशी गहू वाटतात, पाण्यात कोळतात, फडक्यातून पिळतात. कथेचा सगळ्यात मोठा प्रसंग इथे ठेवा. पिळताना हात चिकात, म्हणजे गव्हातून निघणाऱ्या पांढऱ्या सत्त्वात, बुडालेले असतात, मान खाली असते, एकमेकींच्या डोळ्यांत बघावं लागत नाही. समोरासमोर बसून जे वर्षानुवर्षं बोललं जात नाही, ते परातीवर वाकलेलं असताना बोललं जातं. नोकरी सुटल्याचं, दुसरं मूल नको म्हटल्याचं, आईच्या आजाराचं. ऐकणारीनं सल्ला देऊ नये. तिनं चोथ्यात आणखी पाणी घालून म्हणावं, “अजून एकदा पिळ, चीक आहे त्यात.” कथा गुळमट होते ती सांत्वनाच्या लांब वाक्यांमुळे. चोथाही फेकू नका, त्याच्या भुसवड्या होतात. कोणत्या बाईला ते माहीत आहे आणि कोणाला नाही, यावरून वय, गाव आणि काटकसर एका ओळीत कळतं.

चीक रात्रभर खाली बसतो. पहाटे वरची निवळ ओतून टाकायची, वाटीभर चिकाला वाटीभर पाणी उकळायला ठेवायचं, त्यात मीठ आणि हिंग. मीठ बेतानं, कारण वाळल्यावर खारटपणा वाढतो. मग एकीनं धार धरायची आणि दुसरीनं हाटायचं. या वेळी गप्पा नसतात, फक्त हुकूम असतात: “आच कमी कर.” “थांबू नको, गाठी होतील.” हुकूम कोण देतं आणि कोण मुकाट्यानं ऐकतं, यातून घरातलं मानपान दाखवा. चीक कच्चा राहिला तर वाळल्यावर कुरडईचे तुकडे पडतात; नीट शिजला की चकाकी येते. गार झाला तर सोऱ्यातून उतरत नाही, म्हणून दाबणारीचा हात भाजतोच. पोरांना वाटीत गरम चीक, त्यावर तेल किंवा दूध-साखर. तो चमचा तोंडात जाताना एखाद्या थकलेल्या बाईला तिची आजी आठवली तर तिथे एकच ओळ लिहा, परिच्छेद नको.

आता संकट. खलनायिका सासू नको, नवऱ्याचं प्रकरण नको. वळीव पुरेसा आहे. दुपारभर उकडतं, मग धूळ उडवत वारा येतो आणि मागोमाग टपोरे थेंब. गच्चीवर लुगड्यावर वाळत घातलेल्या अर्ध्या ओल्या कुरडया एकेक उचलता येत नाहीत, मोडतात. सगळं लुगडंच चारी टोकांना ताणून उचलून आत न्यावं लागतं. झोळ पडला तर कुरडया एकमेकींना चिकटून त्यांचा गोळा होतो. म्हणजे चार बायका हव्यात, आणि गच्चीवर तीनच आहेत. चौथं टोक धरायला शेजारची ती मैत्रीण येते, जिच्याशी दोन वर्षं बोलणं नाही. तिला बोलावू नका. माफी मागायला लावू नका. तिनं टोक धरावं आणि म्हणावं, “उंबऱ्याशी जपून.”

मराठीत तुमच्याकडे आणखी एक साधन आहे आणि ते बहुतेकांकडून वाया जातं: अहो-जाहो. धाकटी जाऊ थोरलीला पहिल्या पानापासून “ताई, तुम्ही” म्हणत असू दे. पावसाच्या घाईत तिच्या तोंडून निघून जाऊ दे, “ताई, तू ते टोक धर!” त्यावर कोणीही काही बोलायचं नाही, लेखकानंही नाही. संध्याकाळच्या चहाला ती पुन्हा “तुम्ही” म्हणते की “तू”, याची वाचक आपणहून वाट बघतो. म्हणून आधीच्या प्रत्येक संवादात संबोधन काटेकोर ठेवा. नणंदेला कोण वन्सं म्हणतं आणि कोण नुसतं नावानं हाक मारतं, याचा तक्ता लिहायला बसण्याआधीच करा.

नुकसान मात्र खरं राहू द्या. एक लुगडं भिजलंच, त्यावरच्या कुरडया आंबल्या, टाकाव्या लागल्या. राहिलेल्या रात्रभर पंख्याखाली ठेवल्या, दुसऱ्या दिवशी ऊन आलं म्हणून वाचल्या. सगळंच वाचलं तर वाचकाला फसवल्यासारखं वाटतं.

काळाची चौकट हवी असेल तर चैत्रगौरीच्या हळदीकुंकवापासून मृगापर्यंत पुरेशी आहे. कैरीची डाळ आणि पन्ह्याच्या निमित्तानं सगळ्या पात्रांची ओळख एकाच दुपारी होते, आणि रुसलेल्या मैत्रिणीला हळदीकुंकवाचं बोलावणं गेलंच नाही, हेही तिथेच कळतं. पाच बायका पुरे. सहावी आली की आवाज वेगळे ठेवणं अवघड जातं. पुढे या कामातून उद्योग उभा राहतो असं दाखवायचं असेल, तर खरा दाखला आहेच: 1959 साली मुंबईत गिरगावात सात बायकांनी 80 रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली, तीच आजची लिज्जत. पण ते तुमच्या कथेत घुसवू नका, ती वेगळी आणि मोठी गोष्ट आहे.

शेवट कुरडया तळण्यावर करायचा मोह होईल, कारण त्या कढईत फुलतात. तो टाळा, फार वापरून झालाय. डबे भरण्यावर थांबा: कोणाच्या डब्यात किती, मोडका चुरा कोण स्वतःकडे ठेवून घेतं, आणि शेजारणीच्या नावाचा पाचवा डबा न सांगता कोण काढतं.