सुभेदारसाबांची ड्यूटी कोण बदलणार?

"सासरे ७८ वर्षांचे, मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेले सुभेदार. १९७१ च्या लढाईत होते. आता डिमेन्शिया आहे. रात्री दोनला उठून 'पोस्टवर जायचंय' म्हणतात, अडवलं की हात उगारतात. तीन केअरटेकर सोडून गेले. नव्या मुलाला काय शिकवू?" – एक सून, सातारा

ताई, त्या तिघांना डायपर बदलायला शिकवलं असेल, पण झोपलेल्या फौजीला कसं उठवायचं ते बहुधा कुणीच सांगितलं नसेल. तिथूनच सुरुवात करा. खांद्याला हात लावायचा नाही, मागून जायचं नाही. आधी दिवा लावायचा, पायांच्या बाजूला दोन हात लांब उभं राहायचं आणि म्हणायचं, "जय हिंद, साब." त्यांनी बघितलं, ओळख दिली, की मगच जवळ जायचं. अशा वेळी उगारलेला हात बहुतेकदा दचकून उगारलेला असतो.

"लढाई कधीच संपली, आबा" हे तर बोलूच नये. पहारा सोडून झोपणं हा फौजेत गुन्हा असतो, ते कसे झोपतील? मुलानं म्हणावं, "साब, ड्यूटी बदलली. आता मी उभा राहतो. काही रिपोर्ट?" ते सांगतील ते ऐकून घ्यायचं, दोन्ही दारांच्या कड्या त्यांच्यासोबत तपासायच्या, वाटेत लघवीला न्यायचं (जाग पुष्कळदा त्यासाठीच आलेली असते) आणि अंथरुणाशी आणायचं. यात खोटंही काही नाही, रात्री जागायलाच तर तो मुलगा ठेवलाय.

दिवसा एका वेळी एकच गोष्ट सांगायची आणि मनात दहापर्यंत मोजून थांबायचं. बाविशीच्या पोरानं सुभेदाराला हुकूम सोडू नयेत. अंघोळीचं पाणी पायांपासून घ्यावं, एकदम डोक्यावर तांब्या ओतला की भांडण ठरलेलं. ऐकू कमी येत असेल तर कानातला मळ तपासून घ्या. ओरडून बोललेलं त्यांना दरडावल्यासारखं वाटतं.

पहिले तीन दिवस मुलाला एकटं सोडू नका. एक वही ठेवा: किती वाजता बिनसलं, त्याआधी काय घडलं, कशानं शांत झाले. आठवड्याभरात कुकरची शिट्टी, फटाके, दिवेलागण असं काहीतरी सापडतं.

एक-दोन दिवसांत अचानक गोंधळ वाढला तर तो 'आजारच वाढला' असं समजू नका. लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठ, दुखणं किंवा नवं औषध, यांपैकी काही असू शकतं. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. मेडिकलमधून परस्पर आणलेली झोपेची किंवा सर्दीची गोळी देऊ नका, तिनं गोंधळ वाढतो आणि माणूस पडतो. ईसीएचएसचं (माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं) कार्ड असेल तर पॉलिक्लिनिकमधून मेंदूविकार किंवा मनोविकार तज्ज्ञांकडे रेफरल मागा. ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७.

आणि परवान्याची बंदूक घरात असेल तर गोळ्या लपवून भागणार नाही. ती पोलीस ठाण्यात रीतसर जमा करा.

मुलाच्या सुट्टीच्या दिवशी तुमच्या यजमानांनाही "ड्यूटी बदलली, साब" म्हणता आलं पाहिजे. हे वाक्य कागदावर लिहून स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवा.