मोठ्या कंपनीत गेले म्हणून निर्वाणा गुळगुळीत झाले का?

प्रश्न: निर्वाणा या अमेरिकन रॉक बँडचा 'ब्लीच' हा अल्बम ऐकला आणि लगेच त्यांचा पुढचा 'नेव्हरमाइंड' लावला, तर हाच बँड आहे का असं वाटलं. मोठ्या रेकॉर्ड कंपनीत गेल्यावर त्यांना मुद्दाम गुळगुळीत केलं का हो?

उत्तर: थोडंफार हो, पण सगळं खापर कंपनीवर फोडू नका. 'ब्लीच' (१९८९, सब पॉप ही छोटी रेकॉर्ड कंपनी) चं रेकॉर्डिंग सहाशे डॉलरच्या आसपास झालं होतं, म्हणजे अगदी किरकोळ खर्चात. नवा ड्रमर डेव्ह ग्रोल १९९० मध्येच आला होता, १९९१ मध्ये ते डीजीसी या मोठ्या कंपनीकडे गेले, आणि 'नेव्हरमाइंड'साठी लॉस एंजेलिसच्या साउंड सिटी स्टुडिओत बूच विग प्रोड्यूसर म्हणून बसला. बँडचा गायक कर्ट कोबेनला एकच ओळ दोनदा गाऊन आवाज जाड करणं म्हणजे फसवणूक वाटायची, मग विगने सांगितलं की अरे बीटल्सचा जॉन लेननसुद्धा हेच करायचा, झालं, गडी तयार!

'नेव्हरमाइंड'मधलं 'समथिंग इन द वे' तर स्टुडिओच्या कंट्रोल रूममध्ये सोफ्यावर पडून, अगदी कुजबुजत गायलंय कोबेनने, फोन काढून ठेवले, पंखासुद्धा बंद केला. यात कसला आलाय गुळगुळीतपणा? तो आला मिक्सिंगमध्ये, म्हणजे सगळे आवाज एकत्र जुळवताना, ते अँडी वॉलेसने केलं, आणि नंतर कोबेन स्वतःच त्यावर कुरकुर करायचा. गंमत म्हणजे कंपनीलाही फार आशा नव्हती, अमेरिकेत पहिल्या खेपेला पन्नास हजारसुद्धा कॉप्या पाठवल्या नव्हत्या आणि जानेवारी १९९२ मध्ये मायकेल जॅक्सनला खाली ढकलून अल्बम अमेरिकेच्या विक्रीच्या यादीत एक नंबरवर!

'ब्लीच' हेडफोन लावून परत ऐका, त्यातल्या 'अबाउट अ गर्ल' या गाण्यात ती गोड चाल आधीपासूनच आहे.