पिचरचा आउटफिल्डर झाला म्हणजे संपलं का? रिक अँकिलचं उदाहरण

तुमच्या प्रश्नाचा गोषवारा असा: न्यू जर्सीतला भाचा हायस्कूलच्या बेसबॉल संघात पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा होता, कोचने त्याला आउटफिल्डला, म्हणजे मैदानाच्या मागच्या भागात क्षेत्ररक्षणाला धाडलं, आणि घरात सुतक पडल्यासारखं झालंय. शिवाय मायनर लीग म्हणजे आपली रणजी का, तिथून मेजरला, म्हणजे सगळ्यात वरच्या लीगला जायला एवढी वर्षं का लागतात, हेही विचारलंय.

आधी रणजीचं. मुंबई रणजी खेळते ती चषक घ्यायला. मायनर लीगचा संघ म्हणजे वरच्या क्लबची तालीम. सेंट लुईस क्लबचा मायनर संघ मेम्फिसला आहे; तो अगदी प्लेऑफच्या, म्हणजे मोसमाअखेरच्या बाद फेरीच्या तोंडावर असला तरी सेंट लुईसला माणूस हवा झाला की त्यांचा सगळ्यात तगडा खेळाडू रातोरात उचलून नेतात, आणि कोणी हू की चू करत नाही. पगार वरचा क्लब देतो, कोण कुठल्या जागी खेळणार तेही तोच ठरवतो. पायऱ्या चार धरा: रूकी (नवख्यांची) किंवा खालची ए, मग हाय ए, डबल ए, ट्रिपल ए. नावं अधूनमधून बदलतात, चढण तीच. खालच्या पायरीवर पिचर नुसता जोरात टाकतो. डबल ए मध्ये मात्र तोच जोर आणि वर मनात येईल तेव्हा, हव्या त्या जागी वळणारा चेंडू. बरेचसे आउटफिल्डर तिथेच अडकतात. धावणं-झेलणं जमतं, बॅट उघडी पडते.

आता अँकिल. तुमच्या भाच्याला सांगण्यासारखी गोष्ट हीच आहे.

फ्लोरिडाचा डावखुरा पोरगा. 1997 मध्ये सेंट लुईस कार्डिनल्सने त्याला ड्राफ्टच्या, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीच्या, दुसऱ्या फेरीत घेतलं, 25 लाख डॉलर बोनस देऊन. पिचर म्हणून. ऑगस्ट 1999 मध्ये, विशीत, तो मेजरला पोचलासुद्धा. 2000 च्या मोसमात 11 विजय, 194 स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद केलेले बॅट्समन). लोक त्याची तुलना कोणाकोणाशी करायचे ते जाऊ द्या.

3 ऑक्टोबर 2000. प्लेऑफचा पहिला सामना, समोर अटलांटा. तिसऱ्या इनिंगमध्ये चेंडू हातातून सुटायला लागला. म्हणजे शब्दशः सुटायला. कॅचर (आपल्या यष्टिरक्षकासारखा) एका बाजूला, चेंडू भलतीकडे, थेट मागच्या भिंतीपर्यंत. एका इनिंगमध्ये 5 वाइल्ड पिच. पिचरचं अंतर 60 फूट 6 इंच, आपल्या बावीस यार्डांहून साडेपाच फूट कमी. तेवढ्यावर कॅचरच्या ग्लोव्हमध्ये चेंडू टाकणं हे त्या माणसाचं पोट होतं, आणि एका संध्याकाळी ते गेलं. याला यिप्स म्हणतात. खांदा शाबूत, कोपर शाबूत, पण टाकताना डोकं मधे येतं.

2001 मध्ये त्याला मेजरमधून मेम्फिसला पाठवलं, तिथेही जमेना म्हणून थेट तळाच्या पायरीवर, जॉन्सन सिटीला. तिथे पिचिंग सावरली, आणि गंमत म्हणजे त्याने बॅटने 10 होमरनही (आपल्या षटकारासारखे, कुंपणापार फटके) मारले. तेव्हा ते कोणी फारसं मनावर घेतलं नाही. पुढे कोपराची शस्त्रक्रिया. 2004 च्या सप्टेंबरात तो परत मेजरला आला, 10 इनिंगमध्ये फक्त 1 वॉक (भरकटलेल्या चेंडूंमुळे बॅट्समनला फुकट मिळणारा पहिला बेस) दिला. सगळ्यांना वाटलं, सुटला बिचारा. आणि मार्च 2005 मध्ये त्यानेच जाहीर केलं की पिचिंग बंद, आता मी आउटफिल्डर.

वय 25. मेजरमध्ये खेळून आलेला माणूस पुन्हा सिंगल ए च्या बसमध्ये, वीस-एकवीसच्या पोरांबरोबर. 2005 मध्ये क्वाड सिटीज आणि स्प्रिंगफील्ड या मायनर संघांकडून मिळून 21 होमरन. 2006 गुडघ्यात गेलं. 2007 मध्ये मेम्फिसला 32 होमरन, आणि 9 ऑगस्टला सेंट लुईसचं बोलावणं. त्याच रात्री, सातव्या इनिंगमध्ये, सॅन डिएगोविरुद्ध तीन रनांचा होमरन. टोनी ला रुसासारखा ताठ मॅनेजर डगआउटमध्ये टाळ्या पिटत होता.

पुढच्याच महिन्यात बातमी आली की 2004 मध्ये त्याने वाढीचं संप्रेरक घेतलं होतं. डॉक्टरच्या चिठ्ठीवर, आणि तेव्हा बेसबॉलमध्ये त्यावर बंदी नव्हती. लीगने पुढे कारवाई केली नाही. पण गोष्ट सांगायची तर हेही सांगायला हवं.

मला मात्र होमरनपेक्षा 6 मे 2008 जास्त महत्त्वाचा वाटतो. कोलोरॅडोत, कूर्स फील्डवर, अँकिल सेंटर फील्डला, म्हणजे आउटफिल्डच्या मधल्या जागी. पहिल्याच इनिंगमध्ये चेंडू त्याच्या मागे, कुंपणापाशी गेला. कोलोरॅडोचा विली टावेरास तिसऱ्या बेसकडे सुसाट. अँकिलने चेंडू उचलला, वळला आणि फेकला. जवळजवळ तीनशे फूट, टप्पा न पडता, थेट तिसऱ्या बेसवाल्याच्या ग्लोव्हमध्ये. टावेरास बाद. आठव्या इनिंगमध्ये ओमर क्विंटानिलाचीही तीच गत. ज्या हाताला 60 फुटांवरचा कॅचर सापडत नव्हता, तोच हा हात! माझं मत विचाराल तर कारण साधं आहे: पिचरला फेकण्याआधी विचार करायला वेळ असतो, आउटफिल्डरला नसतो.

तो काही दंतकथा झाला नाही. बॅटिंगची सरासरी .240, एकूण 76 होमरन, शेवटी शेवटी संघ बदलत राहिले. पण पिचर म्हणून 10 च्या वर विजय आणि बॅटने 50 च्या वर होमरन, असं बेब रूथनंतर (बेसबॉलची जुनी दंतकथा) करणारा तो पहिला.

तेव्हा भाच्याचं. कोचने आउटफिल्डला टाकलं याचा अर्थ बहुधा हात चांगला आहे, आणि कदाचित बॅटही. कमजोर हाताचा पोरगा राइट फील्डला (आउटफिल्डच्या उजव्या जागी) सहसा कोणी उभा करत नाही, त्यामुळे नेमकी कुठली जागा दिली ते आधी विचारा. ड्राफ्ट आता फक्त 20 फेऱ्यांचा आहे, पूर्वी 40 असायच्या. हायस्कूलमधून सही केली नाही आणि चार वर्षांच्या कॉलेजात गेला, तर पुढची संधी साधारण तिसऱ्या वर्षानंतर किंवा 21 व्या वर्षी. मायनरचा पगार 2023 च्या करारानंतर सुधारला, तरी त्या वर्षी तळाला वर्षाचे 19,800 डॉलर आणि ट्रिपल ए ला 35,800 होते. मेजरचा किमान पगार त्याच वर्षी 7,20,000 होता. मधलं फारसं काही नाही. म्हणून कधी सहीची वेळ आलीच, तर बोनसच्या आकड्याबरोबर कॉलेजचा खर्च क्लबने द्यायचं कलमही करारात घालून घ्या. मागितलं तर बरेचदा मिळतं.