शोगीतले योशिहारू हाबू इतके मोठे का मानले जातात?

कारण १९९६ साली शोगीचे तेव्हाचे सातही मोठे किताब एकाच वेळी त्यांच्याकडे होते. त्याआधी हे कुणालाच जमलं नव्हतं.

शोगी म्हणजे जपानी बुद्धिबळ, पण त्यात मारलेला मोहरा आपला म्हणून पुन्हा पटावर उतरवता येतो. त्यामुळे शेवटी डाव ओसरत नाही, उलट पेटतो. हाबूंचा जन्म १९७०चा, १५व्या वर्षी व्यावसायिक झाले, १९व्या वर्षी त्या सातांपैकी र्युओ हा किताब. मला भारी वाटतो तो त्यांचा हात! जिंकायची वाट दिसली की मोहरा ठेवताना थरथरायचा. समोरचा काय ते समजायचा. एकूण किताब ९९. २०२३ मध्ये शंभरावा हुकला, तो समोर बसलेल्या २० वर्षांच्या शोगीपटू सोता फुजिईमुळे.