वाचकांचे प्रश्न : पित्ताची प्रकृती आणि ‘पित्त झालंय’

या वेळच्या पत्रांत एकच शब्द चार अर्थांनी आला आहे. छातीत जळजळ ते पित्त, अंगावर गांधी उठल्या ते पित्त, अर्धं डोकं दुखून उलटी झाली तेही पित्त, आणि स्वभाव तापट असला तरी पित्तच. पहिलं उत्तर त्यामुळे लांबलं आहे.

प्रश्न : वय ३२. भूक कडकडून लागते, जेवायला उशीर झाला की चिडचिड होते, घाम फार येतो, केस आत्ताच पिकायला लागलेत. सगळे म्हणतात, तुझी पित्ताची प्रकृती. यावर कायमचा उपाय काय? (एक वाचक, सातारा)

उपाय आजारावर करायचा असतो आणि पित्तप्रकृती हा आजार नाही. आयुर्वेदानुसार प्रकृती गर्भधारणेच्या वेळीच ठरते. ऊन सहन न होणं, भूक-तहान जास्त, सुरकुत्या आणि पिकलेले केस लवकर, अग्नी (पचनशक्ती) तीक्ष्ण ही चरकसंहितेतली पित्तप्रकृतीची लक्षणं तुमच्या वर्णनाशी जुळतात. वाढलेलं पित्त ही निराळी गोष्ट : आंबट-कडू ढेकर, घशाशी जळजळ, वरचेवर तोंड येणं, तळपायांची आग. हे कुणालाही होतं, तुमच्यासारख्यांना लवकर होतं इतकंच.

‘अष्टांगहृदय’ या आयुर्वेदग्रंथाचा कर्ता वाग्भट याने पित्ताचे सात गुण सांगितले आहेत : सस्नेह (किंचित स्निग्ध), तीक्ष्ण, उष्ण, लघु (हलकं), विस्र (कच्च्या मांसासारखा वास असलेलं), सर (सरकणारं) आणि द्रव. उष्ण हा त्यातला एक. लोक तेवढाच धरतात आणि बर्फाच्या पाण्यामागे लागतात. खरा घोटाळा दह्यात होतो. दही हाताला गार लागतं, पण ते आंबट आणि उष्ण वीर्याचं, म्हणजे पोटात गेल्यावर उष्णता वाढवणारं आहे. म्हणून ‘थंड पडेल’ म्हणून रात्री वाटीभर दही खाल्लं की पहाटे घशाशी येतं. उलट तूप गरम भातावर घेतलं तरी पित्त शमवतं. चव हीच सोपी खूण : गोड, कडू आणि तुरट रस पित्त उतरवतात, आंबट, खारट आणि तिखट चढवतात. आवळा आणि डाळिंब हे आंबटांतले अपवाद, आणि मिठांत सैंधव.

पण ताटाआधी घड्याळ. पेटलेल्या चुलीत लाकूड वेळेवर सरकवावं लागतं. नाश्ता सकाळी ८च्या आसपास, मुख्य जेवण १२ ते १ या वेळात, कारण भर दुपार हा पित्ताचा काळ. रात्रीचं जेवण ८च्या आत आणि हलकं. मध्यरात्र हाही पित्ताचाच काळ. जागरण केलं की ११ वाजता पुन्हा भूक खवळते आणि हात फरसाणाच्या डब्याकडे जातो. उपाशीपोटी चहा बंद करा. सोडवत नसेल तर नाश्त्यानंतर अर्धा कप.

दुपारच्या ताटात ज्वारीची भाकरी किंवा जुन्या तांदळाचा भात, तुरीऐवजी मुगाचं वरण, दुधी, पडवळ, दोडका किंवा कोहळा, वर दोन लहान चमचे तूप. फोडणी जिऱ्याची, धनेपूड सढळ, मिरची निम्मी. चिंचेऐवजी आमसूल, तेही बेताने. ठेचा, लोणचं आणि पापड एकाच जेवणात नकोत. हे सहा आठवडे नेमाने करा. चिडचिडीत फरक पडतोच, कारण तिचं मोठं कारण रिकामं पोट हे आहे.

प्रश्न : रोज सकाळी घशात बोटं घालून पित्त पाडतो. त्याशिवाय बरं वाटत नाही. चालेल ना? (एक वाचक, जळगाव)

नाही. आजच थांबवा. रोजच्या आम्लाने दातांचं वरचं आवरण झिजतं, अन्ननलिकेला सूज येते, कधी जोराच्या उमाळ्याने ती आतून फाटून रक्त पडतं. पंचकर्मातलं वमन (औषधाने करवलेली उलटी) हे नव्हे. त्याआधी काही दिवस स्नेहपान (औषधी तूप पिणं) आणि शेक असतो, नंतर पेजेपासून चढत जाणारा आहारक्रम असतो, आणि सगळं वैद्यांच्या देखरेखीखाली होतं. शिवाय पित्तासाठी मुख्य शोधन (शरीरशुद्धी) म्हणून विरेचन, म्हणजे औषधाने जुलाब करवणं, सांगितलं आहे. सकाळी मळमळत असेल तर आदल्या रात्रीचं जेवण तपासा. झोपण्याआधी तीन तास काही खाऊ नका, पलंगाची डोक्याकडची बाजू खाली विटा लावून सुमारे १५ सेंटिमीटर उचला आणि डाव्या कुशीवर झोपा. सकाळी मूठभर साळीच्या लाह्या चावून खा.

प्रश्न : धन्याचं पाणी उकळून पिते, पण उपयोग होत नाही. (एक वाचिका, नागपूर)

उकळल्याने त्याचा काढा होतो. तुम्हाला हवा तो ‘हिम’, म्हणजे न उकळता गार पाण्यात भिजवून काढलेला अर्क. शार्ङ्गधरसंहिता या आयुर्वेदग्रंथातलं प्रमाण एकास सहा आहे : १० ग्रॅम धने निवडून धुवा, जाडसर कुटा (पूड नको, गाळताना गाळ उतरतो), ६० मिलिलिटर साध्या पाण्यात मातीच्या किंवा काचेच्या भांड्यात रात्रभर झाकून ठेवा. सकाळी चुरगळून गाळा, खडीसाखर घालून लगेच प्या. मधुमेह असेल तर साखर वगळा. रोज ताजं करा. आंतली आग आणि तहान यांवर हे चांगलं चालतं. वाचिका विदर्भातल्या आहेत म्हणून आणखी एक : पित्त साचतं पावसाळ्यात आणि उसळतं शरदात, म्हणजे ऑक्टोबरच्या उकाड्यात. एप्रिलमध्ये पाणी पिऊन गणपतीनंतर सोडून देऊ नका. खरी गरज तेव्हाच असते.

प्रश्न : नवरात्रात तिसऱ्या दिवशी डोकं उठतं आणि उलटी झाली की उतरतं. (एक वाचिका, पुणे)

नवरात्र येतं शरदातच, त्यात चहावर काढलेली सकाळ आणि दुपारी शेंगदाण्याचं कूट, हिरवी मिरची, तळलेला साबुदाणा. अर्धशिशी असणाऱ्यांना उपाशी राहणं हेच निमित्त पुरतं. उलटी हा त्या दुखण्याचाच भाग आहे, पोटातल्या ‘पित्ताची’ खूण नाही. सकाळी रात्रभर भिजवलेल्या १०-१५ काळ्या मनुका, मग राजगिऱ्याच्या लाह्या दुधात. दुपारी तूप-जिऱ्याची भगर, सोबत लाल भोपळा किंवा नारळाची चटणी. दर तीन-साडेतीन तासांनी काहीतरी पोटात जाऊ द्या. महिन्यातून चार-पाच वेळा डोकं दुखत असेल तर डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : अंगावर पित्त उठलं की गार पाण्याने अंघोळ करावी का? (एक वाचक, रत्नागिरी)

करू नका. याला शीतपित्त म्हणतात, आणि माधवनिदान या रोगनिदानाच्या जुन्या ग्रंथात त्याचं कारणच गार वाऱ्याचा स्पर्श असं दिलं आहे. चार-पाच आमसुलं वाटीभर पाण्यात अर्धा तास भिजवून, कुस्करून ते पाणी लावा. खाज कमी होते. नवं औषध, अंडी, मासे यांतलं काय खाल्लं होतं ते लिहून ठेवा. ओठ-जीभ सुजली किंवा श्वास लागला, तर आमसूल विसरा आणि तडक दवाखाना गाठा.

प्रश्न : वय ५८, मधुमेह आहे. दोन वर्षं जळजळीवर रोज अविपत्तिकर चूर्ण घेतो. सुरक्षित आहे ना? (एक वाचक, बेळगाव)

ग्रंथोक्त पाठात या चूर्णाचा निम्मा भाग साखर आणि एक तृतीयांश निशोत्तर असतं, म्हणजे रेचक. मधुमेहात रोज साखर आणि रोज जुलाब, दोन्ही नकोत. डबा वैद्यांना दाखवून पर्याय घ्या. मात्र दोन वर्षं जळजळ टिकते आहे, तेव्हा एन्डोस्कोपीबद्दल डॉक्टरांशी बोला. काळी शौच, गिळताना अडकणं, वजन उतरणं यांपैकी काही असेल तर याच आठवड्यात. आणि चालताना छाती भरून येत असेल, घाम फुटत असेल, दुखणं जबड्याकडे किंवा हाताकडे जात असेल, तर पित्त समजून थांबू नका, लगेच ईसीजी काढा. मधुमेहात हृदयविकाराचा झटका कधी कधी नुसत्या जळजळीच्या रूपानेही येतो.