टर्मिनलवर चालणारा प्रोग्रॅम एफ-५ दाबल्यावर अडतो, तेव्हा लाँच.जेसनमध्ये काय लिहावे?

नमस्कार. आपण निपाणीचे असून बेळगावात अभियांत्रिकी शिकता. घरच्या वखारीतील मालाची आवक-जावक नोंदवणारा पायथनचा एक छोटा प्रोग्रॅम आपण लिहिला आहे. टर्मिनलवर आज्ञा दिली की तो चालतो, परंतु व्हीएस कोड या एडिटरमध्ये एफ-५ दाबले की 'नो सच टेबल' असे सांगून थांबतो, आणि इंटरनेटवरून उतरवलेल्या तीन-चार लाँच.जेसन फाइली लावून पाहिल्या तरी फरक पडत नाही, असे आपण लिहिले आहे. मी बेळगावात पतसंस्थांसाठी आणि उद्यमबागेतील लहान कारखान्यांसाठी हिशेबाचे प्रोग्रॅम लिहितो. आपण ज्या ठिकाणी अडला आहात, तिथे मीही एकदा चांगलाच अडलो होतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. फाइलींची आणि नोंदींची नावे मी वाचनाच्या सोयीसाठी देवनागरीत लिहीत आहे. फाइलमध्ये ती इंग्रजी अक्षरांतच टंकावी लागतात.

उतरवलेल्या त्या सगळ्या फाइली आधी काढून टाका. लाँच.जेसन म्हणजे आपण टर्मिनलवर हाताने जे करतो ते एडिटरला लिहून दिलेले असते, आणि दुसऱ्याच्या संगणकावरील हाताचे काम आपल्या संगणकावर लागू पडेलच असे नाही. टर्मिनलवर आपण चार गोष्टी ठरवतो आणि त्या ठरवल्याचे आपल्या लक्षातही येत नाही: आपण कोणत्या फोल्डरमध्ये उभे आहोत, कोणता पायथन चालवत आहोत, कोणती फाइल चालवत आहोत आणि तिच्यापुढे काय लिहिले आहे. एफ-५ दाबल्यावर या चारही गोष्टी एडिटर ठरवतो, आणि आपण सांगितले नसेल तर स्वतःच्या समजुतीने ठरवतो. म्हणून तर्क करत बसण्यापेक्षा आपल्या मुख्य फाइलच्या अगदी सुरुवातीला तीन ओळी तात्पुरत्या घाला: ओएस.गेटसीडब्ल्यूडी, सिस.एक्झिक्युटेबल आणि सिस.आर्गव्ही (अनुक्रमे फोल्डर, पायथन, आणि फाइल व तिच्यापुढचे शब्द) यांची किंमत छापणाऱ्या. एकदा टर्मिनलवरून चालवा, एकदा एफ-५ दाबून चालवा, आणि दोन्ही वेळचे उत्तर कागदावर शेजारी शेजारी उतरवून घ्या. जिथे फरक दिसेल तिथेच दुखणे आहे.

आणखी एक जागा बहुतेक जण न वाचताच पुढे जातात. एफ-५ दाबल्यावर खालच्या टर्मिनलमध्ये एक लांबलचक ओळ आपोआप टंकली जाते. विंडोजवर तिच्या सुरुवातीला 'सीडी' आणि एका फोल्डरचा पूर्ण मार्ग असतो, मग पायथनचा मार्ग, मग डीबगपायचा (पायथन प्रोग्रॅम टप्प्याटप्प्याने तपासणाऱ्या डीबगरचा) लाँचर आणि एक पोर्ट क्रमांक, मग दोन आडव्या रेघा, आणि त्यानंतर आपली फाइल. ही ओळ म्हणजे आपल्या लाँच.जेसनचे प्रत्यक्षात काय झाले त्याची पावतीच आहे. 'सीडी'नंतरचा फोल्डर आपल्याला हवा तोच आहे का, एवढे पाहिले तरी निम्मे प्रश्न सुटतात.

आपल्या बाबतीत तो तसा नसणार, हे मी एवढ्या खात्रीने का म्हणतो ते सांगतो. एस्क्यूलाइट या आपल्या डेटाबेसचा स्वभाव असा आहे की जोडायला सांगितलेली डेटाबेस फाइल त्या ठिकाणी नसेल, तर ते तक्रार करत नाही. निमूटपणे त्याच नावाची नवी, रिकामी फाइल तयार करते. आपण टर्मिनलवर 'हिशेब' फोल्डरच्या आत जाऊन आज्ञा देता, त्यामुळे 'माल.डीबी' हे नुसते नाव बरोबर फाइलपर्यंत पोहोचते. एडिटर मात्र, वेगळे सांगितले नसेल तर, आपण उघडलेल्या सर्वांत बाहेरच्या फोल्डरमध्ये उभा राहतो. तिथे 'माल.डीबी' नाही, म्हणून नवी तयार होते, तिच्यात तक्ता नसतो, आणि 'नो सच टेबल' येते. बाहेरच्या फोल्डरमध्ये पाहा. शून्य बाइटची एक 'माल.डीबी' तिथे पडलेली असेल.

आपल्याला निदान त्रुटीचा संदेश तरी आला. मी खानापूर तालुक्यातील एका पतसंस्थेचे काम करत होतो तेव्हा माझ्या प्रोग्रॅममध्ये 'तक्ता नसल्यास तयार कर' अशी ओळ होती, त्यामुळे काहीच कुरकुर झाली नाही. संपूर्ण दुपार मी डीबगरमधून प्रोग्रॅम चालवून सभासदांच्या नोंदी भरल्या, संध्याकाळी टर्मिनलवरून यादी काढली तर एकही नवी नोंद नाही. नोंदी सुरक्षित होत्या, पण भलत्याच फाइलमध्ये. तेव्हापासून विकासाच्या काळात मी डेटाबेस 'मोड बरोबर आरडब्ल्यू' (फक्त वाच-लिही, नवी करू नको) असे सांगून, यूआरआयच्या पद्धतीने उघडतो. तसे केले की फाइल नसल्यास ती तयार होत नाही, जागीच त्रुटी येते.

आता प्रत्यक्ष लाँच.जेसन. कंट्रोल-शिफ्ट-डी दाबल्यावर डावीकडे 'रन अँड डीबग'चा पट्टा उघडतो आणि तिथेच ही फाइल तयार करण्याचा दुवा असतो. ती '.व्हीएसकोड' नावाच्या फोल्डरमध्ये जाते, आणि हा फोल्डर आपण एडिटरमध्ये उघडलेल्या फोल्डरच्या थेट आत असावा लागतो. इथे विद्यार्थी हमखास फसतात. सगळ्या सत्रांचे काम 'कॉलेज' नावाच्या एका मोठ्या फोल्डरमध्ये असते, तोच एडिटरमध्ये उघडलेला असतो, आणि लाँच.जेसन मात्र आतल्या आत तिसऱ्या पातळीवर नेऊन ठेवलेली असते. एडिटर ती वाचतच नाही, आणि आपण तिच्यात बदल करून करून थकतो. 'वर्कस्पेसफोल्डर' या चलाचा अर्थही 'उघडलेला फोल्डर' एवढाच आहे, 'प्रोग्रॅम असलेला फोल्डर' असा नाही. माझा सल्ला असा की एका प्रकल्पासाठी एकच फोल्डर उघडावा. 'कॉलेज' बंद करा आणि वखारीच्या प्रकल्पाचा फोल्डर स्वतंत्रपणे उघडा.

'व्हर्जन' ही नोंद ०.२.० अशीच राहू द्या, तिचा आपल्या प्रोग्रॅमच्या आवृत्तीशी संबंध नाही. 'टाइप'मध्ये 'डीबगपाय' लिहा. जुन्या लेखांत 'पायथन' असे आढळेल, ते मागे पडले आहे. ही नोंद लागते, कारण एडिटरला स्वतःला पायथन येत नाही. प्रत्येक भाषेचा डीबगर वेगळ्या एक्स्टेन्शनमधून येतो आणि ठरलेल्या संकेतांनी एडिटरशी बोलतो. 'टाइप' म्हणजे कोणाला बोलवायचे त्याचे नाव. 'रिक्वेस्ट'मध्ये 'लाँच' लिहा. 'अटॅच' हा दुसरा पर्याय आधीपासून चालू असलेल्या प्रोग्रॅमला जाऊन जोडण्यासाठी आहे, त्याची आपल्याला गरज नाही.

'प्रोग्रॅम' या नोंदीत तयार साच्यात 'फाइल' हे चल येते, म्हणजे त्या क्षणी जी फाइल समोर उघडी असेल ती. प्रयोगशाळेतील दहा ओळींच्या प्रोग्रॅमसाठी ते सोयीचे आहे, पण अनेक फाइलींच्या प्रकल्पात घातक. लाँच.जेसनमध्ये बदल करून त्याच खिडकीत एफ-५ दाबले, तर पायथन लाँच.जेसनच चालवू पाहतो आणि पहिल्याच टिपेवर सिंटॅक्स एरर देतो. नवशिक्याला वाटते की आपली जेसन चुकली. म्हणून तिथे मुख्य फाइलचा ठाम मार्ग द्या: वर्कस्पेसफोल्डर, तिरकी रेघ, हिशेब, तिरकी रेघ, मेन.पाय. तिरकी रेघ पुढे झुकणारीच वापरा, ती विंडोजवरही चालते. मागे झुकणारी वापरली तर जेसनमध्ये ती प्रत्येक वेळी दोनदा लिहावी लागते. आणि आपले मूळ दुखणे बरे करणारी नोंद म्हणजे 'सीडब्ल्यूडी'. तिच्यात वर्कस्पेसफोल्डर आणि पुढे 'हिशेब' एवढे लिहिले की एडिटर आपल्याप्रमाणेच त्या फोल्डरमध्ये जाऊन उभा राहील.

'आर्ग्ज' म्हणजे फाइलच्या नावापुढे लिहायचे शब्द. ही यादी आहे, एक वाक्य नव्हे. टर्मिनलवर मोकळ्या जागेने सुटे होणारे शब्द इथे प्रत्येकी वेगळ्या अवतरणात, मध्ये स्वल्पविराम देऊन लिहायचे असतात. 'दोन रेघा तालुका' आणि 'निपाणी' एकाच अवतरणात घातले, तर प्रोग्रॅमला तो एकच शब्द दिसतो.

'एन्व्ह'बद्दल, म्हणजे प्रोग्रॅमला बाहेरून दिल्या जाणाऱ्या एन्व्हायर्नमेंट चलांच्या नोंदीबद्दल, मात्र थोडे थांबून सांगतो, कारण आपल्या भागात ही अडचण आज ना उद्या येतेच. आपल्याकडील याद्यांत एक नाव मराठीत, दुसरे कन्नडमध्ये असते, आणि विंडोजवरील पायथन, एन्कोडिंग (अक्षरे बाइटांत साठवण्याची पद्धत) सांगितले नसेल, तर फाइल बहुधा १२५२ या जुन्या पाश्चात्त्य कोडपेजने उघडतो. गंमत अशी की बेळगाव, खानापूर आणि निपाणी ही तीनच नावे असलेली यूटीएफ-८ (सर्व लिपी सामावणाऱ्या एन्कोडिंगमधली) फाइल अशा प्रकारे उघडल्यास त्रुटी येत नाही, केवळ अगम्य चिन्हे दिसतात. त्याच यादीत संकेश्वर किंवा चिक्कोडी लिहिले की पायथन '०एक्स८डी हा बाइट वाचता येत नाही' असे म्हणून थांबतो. कारण जोडाक्षरातला हलन्त. देवनागरी हलन्ताचे यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट असतात, त्यांतला शेवटचा ८डी, आणि १२५२ मध्ये त्या जागी कोणतेच अक्षर नेमलेले नाही. कन्नडच्या हलन्ताचाही शेवटचा बाइट ८डीच आहे, तेव्हा निदान या बाबतीत दोन्ही भाषांना सारखीच वागणूक मिळते. हुक्केरी लिहिले तर त्याच्याही आधी उकारावर, ८१ या बाइटवर, गाडी अडते. उपाय असा: 'एन्व्ह'मध्ये 'पायथनयूटीएफ८' ही नोंद करून तिची किंमत '१' द्या, आणि तो १ अवतरणात लिहा, कारण तिथे मजकूरच अपेक्षित असतो. पायथन ३.७ पासून ही सोय आहे. तरीही फाइल उघडताना कोडमध्येच एन्कोडिंग लिहिणे अधिक चांगले. एडिटरच्या टर्मिनलमध्ये जोडाक्षरे कधी सुटी, विस्कटलेली दिसतात. तो दाखवण्यातला दोष आहे, त्यासाठी डेटाला हात लावू नका.

'कन्सोल'मध्ये 'इंटिग्रेटेडटर्मिनल' ठेवा. 'इंटर्नलकन्सोल' निवडल्यास 'इनपुट' वापरून वजन किंवा दर विचारणारा प्रोग्रॅम आपले उत्तर घेऊच शकत नाही. कोणता पायथन चालतो आहे ते पायथनची फाइल उघडी असताना खालच्या पट्टीवर उजवीकडे दिसते. टर्मिनलवर चालणारे मॉड्यूल एफ-५ ला सापडत नसेल, तर तिथे क्लिक करून प्रकल्पाचे व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (त्या प्रकल्पापुरता वेगळा ठेवलेला पायथन) निवडा. लाँच.जेसनमध्ये एखाद्या नोंदीचे स्पेलिंग चुकले तर तिच्याखाली नागमोडी रेघ येते, आणि कंट्रोल-स्पेस दाबल्यावर शक्य त्या नोंदींची यादी उघडते. उतरवलेल्या साच्यांपेक्षा ही यादी भरवशाची आहे.

'सीडब्ल्यूडी' लिहिल्यावर आपला प्रोग्रॅम चालेल, परंतु मी तेवढ्यावर थांबणार नाही. हा प्रोग्रॅम उद्या वखारीत बसवला की तिथला दिवाणजी डेस्कटॉपवरच्या चित्रावर दोनदा क्लिक करणार. त्याच्याजवळ ना एडिटर असेल, ना लाँच.जेसन. म्हणून डेटाबेसचा मार्ग कोडमध्येच, मेन.पाय ज्या फोल्डरमध्ये आहे त्या फोल्डरवरून काढावा. पाथलिबमधील 'पाथ' आणि 'फाइल' हे दुहेरी अधोरेखांचे चल घेतले, त्याचा 'पेरेंट' काढला आणि पुढे 'माल.डीबी' जोडले की कोणी कुठेही उभे राहून चालवले तरी फाइल तीच उघडते. महाविद्यालयात सादर करण्यापुरते काम असेल तर 'सीडब्ल्यूडी' पुरे आहे. दुसऱ्याच्या हातात द्यायचे असेल तर कोड सुधारा.

शेवटी आपण सी भाषेच्या प्रोग्रॅमबद्दलही विचारले आहे, की ब्रेकपॉइंटचा लाल ठिपका पोकळ होतो आणि प्रोग्रॅम तिथे थांबत नाही. बहुधा कंपाइल करताना 'वजा जी' हा पर्याय दिलेला नाही, त्यामुळे कोणती आज्ञा कोणत्या ओळीची हे डीबगरला कळत नाही. टास्क्स.जेसनमधील आज्ञेत तो घाला, आणि लाँच.जेसनच्या 'प्रीलाँचटास्क'मध्ये त्या टास्कचे 'लेबल' अक्षरशः जसेच्या तसे लिहा, अन्यथा एफ-५ दाबल्यावर जुनीच एक्झी फाइल चालत राहते किंवा टास्क सापडत नाही असा संदेश येतो. विंडोजवर जीडीबी हा सी भाषेचा डीबगर वापरत असाल तर त्या प्रकल्पाच्या फोल्डरचे नाव इंग्रजी अक्षरांत ठेवा. देवनागरी मार्गावर ते अडखळते.

एवढे करूनही अडल्यास सुरुवातीला सांगितलेल्या तीन ओळींचे दोन्ही वेळचे उत्तर आणि टर्मिनलमधील ती लांबलचक ओळ इथे लिहा, म्हणजे पुढचे नेमके सांगता येईल.