प्रश्नचिन्हं दिसतायत? आधी फाइल बंद करा, सेव्ह करू नका

भावा, एमकेव्ही व्हिडिओची एमपी४ केली आणि मराठी सबटायटल गायब, एसआरटी (सबटायटलची साधी मजकूर फाइल) उघडली तर नुसती प्रश्नचिन्हं, ही तुझी पोस्ट वाचून २०१८ आठवलं. हे दोन वेगळे आजार आहेत.

पहिला साधा. एमपी४ला एसआरटी जशीच्या तशी चालत नाही. एफएफएमपेगमध्ये (व्हिडिओ बदलायचं फुकट सॉफ्टवेअर) सबटायटलचा कोडेक, म्हणजे साठवायचा प्रकार, mov_text असा सांगावा लागतो. ब्ल्यू-रेवरची चित्ररूप सबटायटलं असतील तर तेही चालणार नाही, ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर करणं, करावं लागेल.

दुसऱ्यानं मला रडवलंय. चपलांवर छोटा माहितीपट केला होता. कर्नाटकातल्या अथणीचे कारागीर कन्नड बोलतात, त्याला मराठी सबटायटल. चारशेच्या वर ओळी. जिथं पाठवला तिथून (नाव घेत नाही) एका ओळीचं उत्तर आलं, 'सबटायटल दिसत नाहीत'. कुठल्या प्लेयरवर, सबटायटलचा ट्रॅक सुरू केला होता का, काही नाही. फोन केला की साहेब जेवायला. चार वाजता जेवण! मला वाटलं एन्कोडिंगच (अक्षरं फाइलमध्ये साठवायची पद्धत) गंडलंय. म्हणून नोटपॅडमध्ये फाइल उघडली, काहीतरी खुडबुड केली आणि एएनएसआय (जुनं एन्कोडिंग, त्यात देवनागरी मावत नाही) म्हणून सेव्ह केली, तीही मूळ फाइलवरच. युनिकोड अक्षरं जातील, असं नोटपॅडनं विचारलंही होतं. मी ओके दाबलं. सगळं देवनागरी गेलं, उरली प्रश्नचिन्हं आणि वेळा. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या खोलीवर तीन रात्री बसून परत टाइप केलं. आणि त्यांच्याकडं नुसता ट्रॅक बंद होता, हे नंतर कळलं! एमकेव्हीटूलनिक्समध्ये (एमकेव्हीतले ट्रॅक हाताळायचं सॉफ्टवेअर) त्या ट्रॅकला डिफॉल्टची खूण केली असती तर बहुतेक भागलं असतं.

तर तुझ्या फाइलमध्ये डोक्यावर तिरकी रेघ असलेले चमत्कारिक इंग्रजी ए (à) दिसत असतील तर घाबरू नकोस, यूटीएफ-८ (देवनागरी मावणारं एन्कोडिंग) म्हणून उघडलीस की बहुतेक वेळा मराठी परत येतं. खरी प्रश्नचिन्हंच असतील तर अक्षरं फाइलमध्ये उरलेलीच नाहीत. कुठलंही कन्व्हर्टर ती आणू शकत नाही, पैसे मागणारं तर नाहीच. जुनी एमकेव्ही पुसली नसशील तर तिच्यातला ट्रॅक बाहेर काढ. (मी काही तज्ज्ञ नाही, विंडोजपुरतं सांगतोय. नवीन नोटपॅड आपणहून यूटीएफ-८ धरतं.)

जाता जाता, टीव्हीवर पेन ड्राइव्हनं दाखवणार असशील तर आधी त्याच टीव्हीवर बघ. काही टीव्ही 'कि'ची वेलांटी भलतीकडं टाकतात. तिथं मी सबटायटल सरळ व्हिडिओच्या चित्रावरच छापतो, पण न छापलेली प्रत वेगळी ठेवून.